सुंभ राहतो, पीळ जातो: पाऱ्याच्या थेंबाने वाचलेला डीएनएचा आकार

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण माणसाच्या स्वभावाबद्दल म्हणतो. डीएनएचं बरोबर उलटं आहे. मिठाच्या पाण्यात विरघळवलेला डीएनए दहा मिनिटं उकळत्या पाण्यात धरला आणि लगेच बर्फात बुडवला, तर सुंभ शिल्लक राहतो आणि पीळ जातो. दोन्ही पेड असतात, त्यांवरच्या ए, टी, जी, सी या अक्षरांचा क्रमही तोच असतो, तराजूत वजन तेवढंच भरतं. एकमेकांना वेढून बसलेले ते दोन पेड आता सुटे झालेले असतात, एवढाच काय तो बदल.

पदार्थ तोच आणि आकार निराळा, हा फरक पकडायचा कशाने? १९५० च्या दशकाच्या अखेरीस या प्रश्नाला फार थोडी उत्तरं होती. त्यातलं एक चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातून आलं, तेही पाऱ्याच्या थेंबातून. एमिल पालेचेक (१९३०–२०१८) या जीवरसायनशास्त्रज्ञाचं हे प्रकरण मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितलं आहे, आणि दरवेळी एकाच जागी जास्त वेळ थांबलो आहे. ती जागा म्हणजे या पद्धतीवर घेतला गेलेला आक्षेप: थेंबाला दिसलेला आकार खरंच रेणूचा आहे, की थेंबाला चिकटल्यामुळे रेणूला आलेला आहे? पुढचं सगळं या प्रश्नाभोवती फिरतं.

पारा, काच आणि चार सेकंदं

आधी उपकरणाबद्दल. प्राग विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ बोहुमिल कुचेरा पाऱ्याचं पृष्ठताण मोजण्यासाठी केशनलिकेतून पडणारे थेंब वजन करत असत. त्यांच्या मोजमापांत काही विसंगती होत्या. यारोस्लाव हेयरोव्स्की या तरुणाने त्या विसंगतीचा पाठपुरावा करताना थेंबाचं वजन करणं सोडलं आणि थेंबातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायला सुरुवात केली. १० फेब्रुवारी १९२२ ही या पद्धतीची, म्हणजे पोलरोग्राफीची, जन्मतारीख मानतात. पुढे मासुझो शिकाता या जपानी सहकाऱ्याबरोबर त्यांनी आलेख आपोआप नोंदवणारं यंत्र बांधलं, आणि १९५९ साली हेयरोव्स्कींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मी एमएस्सीला असताना आमच्या प्रयोगशाळेत असा गळणाऱ्या पाऱ्याचा इलेक्ट्रोड होता. वर पाऱ्याचं भांडं, खाली रबरी नळी, तिच्या टोकाला काचेची केशनलिका, जिचं भोक केसापेक्षा बारीक. नळीचं टोक द्रावणात बुडवलं की तिथे टाचणीच्या डोक्याएवढा चकचकीत गोळा फुगायला लागतो, तीन-चार सेकंदांत जड होतो, सुटतो आणि तळाशी जमलेल्या पाऱ्यात मिसळतो. लगेच दुसरा. आधी पंधरा मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडून विरघळलेला ऑक्सिजन हुसकावून लावायचा, कारण ऑक्सिजन स्वतःच पाऱ्यावर इलेक्ट्रॉन घेतो आणि आलेखावर आपल्या लाटा उमटवतो. एकदा काम संपल्यावर मी केशनलिका द्रावणातून बाहेर न काढताच पाऱ्याचं भांडं खाली घेतलं. द्रावण आत चढलं, मीठ साकळलं आणि नळी कायमची बंद झाली. त्या दिवसापासून या थेंबाकडे मी फार आदराने बघतो. त्याचं सगळं सामर्थ्य त्याच्या कोरेपणात आहे.

दर चार सेकंदांनी मिळणारा नवा, अणूंच्या पातळीवर गुळगुळीत, कशानेही न मळलेला पृष्ठभाग दुसऱ्या कुठल्याही धातूकडे नाही. शिवाय पाऱ्यावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही. प्लॅटिनमला थोडा ऋण विभव (विद्युत दाब) दिला की पाणी फुटायला लागतं. पाऱ्याला मात्र उदासीन द्रावणात उणे दोन व्होल्टच्या आसपास नेता येतं. डीएनएमधली अक्षरं इलेक्ट्रॉन घ्यायला तयार होतात ती उणे दीड व्होल्टच्या शेजारपाजारी. म्हणजे हे काम होण्यासारखं होतं ते पाऱ्यावरच.

ब्रनोतली खाच

ब्रनो हे ग्रेगोर मेंडेलचं गाव. वाटाण्यांवरचे आपले प्रयोग त्यांनी १८६५ साली याच गावात वाचून दाखवले. पालेचेक काम करत होते त्या काळात मात्र, सोव्हिएत कृषिशास्त्रज्ञ लिसेन्कोच्या प्रभावामुळे, पूर्व युरोपात मेंडेलच्या आनुवंशशास्त्राला अधिकृत मान नव्हता. ब्रनोची जीवभौतिकी संस्था १९५५ साली सुरू झाली होती. डीएनएची दुपेडी रचना वॉटसन आणि क्रिक यांनी मांडून जेमतेम काही वर्षं झाली होती.

नेहमीच्या, म्हणजे एकदिश प्रवाहाच्या पोलरोग्राफीने डीएनएकडून तोवर काही कामाचं मिळालं नव्हतं. पालेचेक यांनी हाती घेतली ती दोलनदर्शी पोलरोग्राफी. ही पद्धतही हेयरोव्स्कींच्याच घराण्यातली. यात प्रत्यावर्ती प्रवाह देतात आणि पडद्यावर एक बंद कडं उमटतं. नुसतं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) असेल तर कडं गुळगुळीत. द्रावणात इलेक्ट्रॉन घेणारा किंवा देणारा पदार्थ असेल, तर त्याच्या विभवाच्या जागी कड्याला खाच पडते. वरच्या अर्ध्या भागातली खाच इलेक्ट्रॉन घेण्याची, म्हणजे क्षपणाची. खालच्या भागातली इलेक्ट्रॉन देण्याची, म्हणजे ऑक्सिडीकरणाची.

१९५८ साली त्यांनी केंद्रकाम्लं (डीएनए आणि आरएनए) आणि त्यांचे घटक अशा खाचा दाखवतात हे प्रसिद्ध केलं. १९६० साली 'नेचर'मध्ये लांबलचक, न तुटलेल्या डीएनएबद्दलचा त्यांचा लेख आला. यातली कळीची गोष्ट अशी: तापवून झटकन गार केलेला डीएनए क्षपणाची स्पष्ट खाच दाखवत होता, आणि न तापवलेल्या डीएनएत ती जवळजवळ नव्हतीच. तोच पदार्थ, तेवढंच प्रमाण, तेच बफर. सुंभ तोच, पीळ तेवढा गेलेला.

त्याच वर्षी अमेरिकेत पॉल डोटी आणि ज्यूलियस मार्मर यांनी दाखवलं की तापवून सुटे केलेले पेड सावकाश गार केले, तर ते आपला जोडीदार शोधून पुन्हा पीळ घेतात. न्युमोकोकस जिवाणूच्या डीएनएने आपली जैविक क्षमताही परत मिळवली होती. पालेचेक यांच्या खाचेने ही परतीची वाटही दाखवली: पेड पुन्हा जुळत गेले तशी खाच उथळ होत गेली.

पाऱ्याला आकार कळतो तो कसा?

पाऱ्याला डोळे नाहीत. त्याला एकच गोष्ट कळते: इलेक्ट्रॉन घेणारा अणुगट माझ्यापर्यंत पोचतो की नाही. मग आकार कसा कळला?

उत्तर डीएनएच्या बांधणीत आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं. पाऱ्यावर क्षपण होतं ते मुख्यतः ॲडेनिन आणि सायटोसिन या दोन बेसचं, म्हणजे ए आणि सी या अक्षरांचं. ॲडेनिनमध्ये इलेक्ट्रॉन घेणारी जागा म्हणजे पहिला नायट्रोजन आणि सहावा कार्बन यांच्यामधला दुहेरी बंध. सायटोसिनमध्ये तिसरा नायट्रोजन आणि चौथा कार्बन यांच्यामधला. इलेक्ट्रॉन येण्याआधी त्या नायट्रोजनवर एक प्रोटॉन येऊन बसावा लागतो. आता दुपेडी पिळातल्या जोड्या आठवा. ॲडेनिन थायमिनशी हात मिळवतं ते याच पहिल्या नायट्रोजनने. सायटोसिन ग्वानिनशी हात मिळवतं ते याच तिसऱ्या नायट्रोजनने. म्हणजे पाऱ्याला हवी असलेली नेमकी तीच जागा जोडीदाराने आधीच धरून ठेवलेली असते, आणि तीही दोन नॅनोमीटर जाडीच्या पिळाच्या आत, बाहेरच्या साखर-फॉस्फेटच्या कण्याआड. पीळ शाबूत असेल तर पाऱ्याला काही मिळत नाही. पीळ सुटला की हात मोकळे होतात आणि प्रवाह वाहतो.

ग्वानिनची गोष्ट थोडी निराळी आहे. फार ऋण विभवाला त्याचं क्षपण होतं आणि परतीच्या वाटेवर ते क्षपित रूप ऑक्सिडीकरण पावून आपली खूण सोडतं. ती खूणही उपयोगी आहे, पण आकाराच्या प्रश्नात खरी साक्ष ॲडेनिन-सायटोसिनचीच.

याची तुलना अतिनील प्रकाशाच्या मापनाशी करून बघा. डीएनएचा पीळ सुटला की २६० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण साधारण ३७ टक्क्यांनी वाढतं. चांगली, भरवशाची पद्धत. आजही प्रत्येक प्रयोगशाळेत हीच वापरतात. पण समजा नमुन्यात फक्त १ टक्का डीएनए सुटा आहे. शोषण १.००० असेल तर ते १.००४ होईल. हा फरक नमुना ठेवायच्या दोन क्युवेटमधल्या फरकात हरवून जातो. पाऱ्यावर मात्र पिळातला डीएनए जवळजवळ गप्प असतो आणि सुटा डीएनए बोलतो. पांढऱ्या भिंतीवर खडूने रेघ मारणं आणि काळ्या पाटीवर मारणं यात जो फरक, तोच इथे. १९६६ साली पालेचेक आणि त्यांच्या सहकाऱ्याने विभेदी स्पंद पोलरोग्राफी वापरून, पिळातल्या डीएनएमध्ये मिसळलेला सुट्या डीएनएचा अगदी किरकोळ अंश मोजता येतो हे दाखवलं. या पद्धतीत थेंब पडण्याच्या किंचित आधी विभवाचा छोटा धक्का देतात आणि त्या धक्क्यापुरताच प्रवाह मोजतात.

पीळ सुटण्याआधी काय होतं?

विभेदी स्पंद पोलरोग्राफीने आणखी एक गोष्ट समोर आणली, आणि या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत मोठा शोध तो आहे. सुटा डीएनए एक उंच शिखर देतो, त्याला शिखर तीन म्हणतात. पिळातला डीएनए अगदीच गप्प नसतो. किंचित कमी ऋण विभवाला तो एक बुटकं शिखर देतो, शिखर दोन. हे बुटकं शिखर कुठून आलं? सुट्या डीएनएची भेसळ म्हणावी तर त्याची जागा निराळी.

आता तापमान हळूहळू वाढवू. वासराच्या थायमस ग्रंथीतल्या डीएनएचा पीळ नेहमीच्या खारटपणाच्या द्रावणात साधारण ८५ अंशांच्या पुढे सुटतो. त्याआधी, कितीतरी खालच्या तापमानाला, जिथे अतिनील शोषण ढिम्म हलत नाही, तिथेच शिखर दोन वाढायला लागतं. पुढे पीळ खरोखर सुटू लागला की शिखर तीन उगवतं. म्हणजे वितळण्याच्या अलीकडेच पिळाच्या आत काहीतरी सैल होत होतं. पालेचेक यांनी या टप्प्याला वितळणपूर्व बदल म्हटलं.

इथे घाईने टाळी वाजवायची नाही. तापमान वाढलं की द्रावणातला प्रत्येक रेणू जास्त वेगाने हिंडतो, जास्त संख्येने थेंबापर्यंत पोचतो, त्यामुळे कुठलंही शिखर थोडं वाढणारच. डीएनए वाटेत तुटला असेल तर तुटलेल्या टोकांशी जोड्या सैल असतात, त्यानेही शिखर दोन वाढतं. किरणोत्सर्गाचा मारा झालेल्या किंवा एन्झाइमने कातरलेल्या डीएनएत ते वाढलेलं दिसतंच. म्हणून रेणूच्या साध्या हिंडण्यामुळे किती वाढ होते, टोकांमुळे किती, आणि गार केल्यावर शिखर मूळ उंचीवर परत येतं की नाही, हे सगळं वेगवेगळं तपासल्याशिवाय 'आकार बदलला' असं म्हणता येत नाही. हे काम कंटाळवाणं असतं आणि लेखाच्या सारांशात कधी दिसत नाही, पण निष्कर्ष उभा राहतो तो याच्यावर.

१९६६ च्या सुमारास पालेचेक यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळाच्या मानाने धाडसी होता: द्रावणातला दुपेडी पीळ सगळीकडे एकसारखा नसतो. तो तापमानाप्रमाणे, सभोवतालच्या क्षारांप्रमाणे आणि त्या जागच्या अक्षरांच्या क्रमाप्रमाणे थोडाथोडा बदलतो. ए-टी जोड्यांची रेलचेल असलेले भाग आणि टोकं आधी सैल होतात. पाठ्यपुस्तकातलं चित्र मात्र अक्षरं कुठलीही असोत, एकच सरळ, रेखीव पीळ दाखवत होतं. ते चित्र आलं होतं धाग्यांवरच्या क्ष-किरण विवर्तनातून, आणि धाग्यात असतो असंख्य वेगवेगळ्या क्रमांच्या रेणूंचा जुडगा. जुडग्यातून मिळते ती सरासरी. कुठल्या अक्षराशी पीळ किती आवळलेला आहे, हे तिथे दिसणं शक्यच नव्हतं.

आक्षेप

आणि इथे तो प्रश्न येतो. डीएनए पाऱ्याला चिकटतो, आणि चिकटल्याशिवाय त्याचं मापनच होत नाही. बेस हे चपटे, पाण्याला फारसे न मानणारे रेणू. पाऱ्याच्या पृष्ठभागावर ते पसरून घट्ट बसतात. पण डीएनएच्या कण्यावरचे फॉस्फेट ऋणभारित असतात, आणि पारा ऋण विभवाला असेल तर तो त्यांना दूर लोटतो. बेस ओढले जातायत पृष्ठभागाकडे, कणा ढकलला जातोय बाहेर. सुतळीचा एक पेड चिमटीत धरून दुसरा बोटाने दूर लोटला तर काय होईल? पीळ उकलणार. मग पाऱ्याला 'दिसलेले' सैल भाग त्याने स्वतःच सैल केले नसतील कशावरून?

हा आक्षेप हवेतला नव्हता. १९६१ सालीच आय. आर. मिलर यांनी पाऱ्याच्या पृष्ठभागाची विद्युतधारिता मोजून सांगितलं होतं की ठराविक विभवांना पिळातला डीएनए पृष्ठभागावर उकलतो. पुढे सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या युलिश इथे हान्स वोल्फगांग न्यूर्नबर्ग आणि त्यांच्या गटाने याच प्रश्नावर कसून काम केलं. त्यांच्या मते पृष्ठभागावर होणारी उकल बरीच मोठी होती, आणि म्हणून आलेखावरून द्रावणातल्या आकाराबद्दल बोलताना फार जपायला हवं होतं.

मला वाटतं, कुठल्याही पद्धतीवर होऊ शकणारा सर्वांत गंभीर आक्षेप हाच. 'तुमचं मोजमाप चुकीचं आहे' असं कुणी म्हणालं तर पुन्हा मोजता येतं. 'तुमचं मोजमाप बरोबर आहे, पण ते मोजण्याच्या कृतीचंच आहे' या म्हणण्याला मात्र नुसत्या पुनरावृत्तीने उत्तर देता येत नाही.

उत्तर मिळालं ते वेळेच्या हिशोबातून. स्थिर, लटकत्या थेंबावर डीएनए चिकटवायचा, ठराविक विभवाला ठराविक सेकंद तसाच ठेवायचा, आणि मग आलेख काढायचा. असं एकेका विभवाला केल्यावर लक्षात आलं की उकल सगळीकडे होत नाही. उणे १.२ व्होल्टच्या आसपास एक पट्टा आहे जिथे चिकटलेला डीएनए मोठ्या प्रमाणावर उकलतो. पण सावकाश, मिनिटाच्या मापात. त्याहून कमी ऋण विभवांना चिकटलेला डीएनए थोड्याच जोड्या मोकळ्या करतो, बहुतेक टोकांशी, आणि तिथेच थांबतो. आता गळता थेंब आठवा. तो तीन-चार सेकंद जगतो. उकलीला मिनिट लागत असेल, तर उकल मोठी होण्याआधी थेंब तळाला गेलेला असतो. केवळ स्वच्छतेसाठी उपयोगी वाटणारं ते अल्पायुष्य इथे पुरावा बनून उभं राहतं. याचा अर्थ गळत्या थेंबाच्या आलेखात पृष्ठभागाचा हात अजिबात नाही असा नव्हे. हात आहे, पण त्याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा मोजलेली आहे.

दुसरी साक्ष बाहेरून आली. वर्तुळ-द्विवर्णता या प्रकाशीय पद्धतीत कुठलाही पृष्ठभाग नसतो, आणि तिनेही वितळण्याआधीचे बदल दाखवले. आणि १९७९ ते १९८१ या काळात रासायनिक रीतीने बनवलेल्या छोट्या डीएनएचे स्फटिक मिळाले, तेव्हा अक्षरागणिक आकार दिसू लागला. १९७९ साली एमआयटीत अलेक्झांडर रिच यांच्या गटाने सी-जी-सी-जी-सी-जी या सहा अक्षरांच्या तुकड्यात चक्क डावखुरा पीळ पाहिला. रिचर्ड डिकरसन यांच्या गटाच्या बारा अक्षरी तुकड्यात नेहमीचा उजवा पीळ होता, पण पायरीपायरीला तो कमीजास्त आवळलेला होता. पाऱ्यावरच्या प्रत्येक शिखराचा अर्थ या स्फटिकांनी सिद्ध केला, असं मी म्हणणार नाही. द्रावणातला लांब रेणू आणि स्फटिकातला बारा अक्षरांचा तुकडा या वेगळ्या गोष्टी. पण 'पीळ क्रमाप्रमाणे बदलतो' हे १९६६ चं विधान आता कुणाला अवघड वाटत नव्हतं.

आक्षेपाचंच अवजार

आक्षेपाला उत्तर दिलं की बहुतेक जण पुढे निघून जातात. ब्रनोच्या गटाने तसं केलं नाही. पारा डीएनएला उकलतो ना? मग कुठल्या डीएनएला तो उकलू शकत नाही, ते बघू.

पिशवीची चेन मधूनच उघडत नाही, तिला टोक लागतं. डीएनएची उकलही टोकापासून किंवा पेडातल्या एखाद्या तुटीपासून सुरू होते. जिवाणूंमध्ये प्लास्मिड नावाचे गोल डीएनए असतात, ज्यांचे दोन्ही पेड बंद वर्तुळ करून असतात. सुतळीची दोन टोकं गाठ मारून जोडली तर तिचा पीळ काढता येत नाही. एका जागी उलगडला तर दुसरीकडे तेवढा आवळतो. बंद प्लास्मिडही तसाच. उणे १.२ व्होल्टच्या त्या धोक्याच्या पट्ट्यात थांबवला तरी तो उकलत नाही, आणि प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मापनात सुट्या पेडांचं शिखर तीन देत नाही. पण त्या वर्तुळातल्या एका पेडाला एकच तूट द्या. एक टोक मिळालं की पारा तिथून उकलायला सुरुवात करतो, आणि शिखर तीन उभं राहतं.

हजारो अक्षरांच्या रेणूत एक तूट, आणि आलेखावर 'आहे' किंवा 'नाही' इतका ठसठशीत फरक. नव्वदच्या दशकात मिरोस्लाव फोयता आणि पालेचेक यांनी थेंबावर आधीच बंद प्लास्मिड चिकटवून ठेवला आणि त्या थेंबालाच डीएनएच्या नुकसानीचा शोधक बनवलं. हायड्रॉक्सिल मूलकं, किरणोत्सर्ग, काहीही असो, लाखभर अक्षरांमागे एखादी तूट पडली तरी ती कळते.

त्याआधी १९८६ साली एक फार साधी युक्ती पालेचेक यांच्या हाती आली होती. डीएनए पाऱ्याला इतका घट्ट चिकटतो, तर सगळं भांडंभर द्रावण कशाला? लटकता पाऱ्याचा थेंब डीएनएच्या पाच-दहा मायक्रोलिटरच्या ठिपक्याला टेकवायचा, मिनिटभर थांबायचं, थेंब धुवायचा, आणि डीएनए नसलेल्या कोऱ्या बफरमध्ये नेऊन मापन करायचं. पाच मायक्रोलिटर म्हणजे ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाहूनही कमी. पूर्वी जिथे मिलिलिटरभर महागडं द्रावण लागायचं तिथे हे पुरू लागलं. चिकटणं हा दोष मानला गेला होता. आता त्याच्यावरच सगळी पद्धत उभी होती.

याच काळात ऑस्मियम टेट्रॉक्साइडची वाटही निघाली. हे संयुग थायमिनच्या एका दुहेरी बंधावर बसतं, पण तो बंध पिळाबाहेर उघडा पडला असेल तरच. म्हणजे आकार द्रावणातच, पाऱ्याला न शिवता, रसायनाने टिपून घ्यायचा आणि वाचायचा मात्र पाऱ्यावर, जिथे ऑस्मियम मोठा उत्प्रेरकी प्रवाह देतं. पृष्ठभागाने आकार बदलण्याचा प्रश्न इथे मुळातच उरत नाही. १९८४ साली डेव्हिड लिली आणि पालेचेक यांनी या संयुगाने प्लास्मिडमधली क्रूसासारखी फाकलेली रचना दाखवली.

प्रथिनांची पाळी

प्रथिनांची कथा खरं तर जुनी. रुडॉल्फ ब्रदिच्का यांनी १९३० च्या दशकातच पाहिलं होतं की कोबाल्ट क्षाराच्या अमोनियायुक्त द्रावणात रक्तातला द्रव टाकला की एक दुहेरी लाट येते, आणि कर्करुग्णांच्या रक्तात तिची उंची निराळी असते. ती चाचणी अनेक वर्षं वापरात होती. पण प्रथिनाच्या घडीबद्दल त्यातून फार काही कळलं नाही, आणि पाऱ्याला चिकटलेलं प्रथिन नेहमीच उलगडतं, असा समज दृढ होत गेला.

या शतकात पालेचेक आणि वेरोनिका ओस्तात्ना यांनी प्रवाह स्थिर ठेवून विभव मोजण्याची पद्धत वापरली. तिच्यात प्रथिनाला फार ऋण विभव सोसावा लागतो तो काही मिलिसेकंदांपुरताच. उलगडायला वेळ न मिळालेलं, घडी शाबूत असलेलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) लहान शिखर देतं. यूरियाने उलगडलेलं अल्ब्युमिन कितीतरी उंच. हा गळत्या थेंबाचाच हिशोब, सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत. २००८ साली पार्किन्सन आजाराशी निगडित अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनावर त्यांनी ही पद्धत लावली, आणि त्याच्या गाठी वळण्याआधीच पृष्ठभागावरचं त्याचं वागणं बदलतं हे पाहिलं.

अमेरिकेत केव्हिन प्लॅक्सको आणि ॲलन हीगर यांच्या गटाने २००३ साली वेगळ्याच दिशेने तोच धागा पकडला. सोन्याच्या पृष्ठभागावर डीएनएची दुमडलेली केसपिन एका टोकाने बांधायची, दुसऱ्या टोकाला फेरोसिन, म्हणजे इलेक्ट्रॉन सहज देणारं लोहाचं एक संयुग. केसपिन मिटलेली असेल तर फेरोसिन सोन्यापाशी आणि प्रवाह वाहतो. जोडीदार डीएनए येऊन ती ताठ झाली की फेरोसिन दूर जातं आणि प्रवाह पडतो. रेणूने आकार बदलला की आकडा बदलतो. पारा नाही, आणि डीएनएच्या स्वतःच्या बेसची साक्षही नाही. काम सोपं झालं, पण इथे आपल्याला तेवढंच कळतं जेवढं फेरोसिनच्या जागेवरून कळेल. बेसने स्वतः सांगितलेली गोष्ट मला अजूनही जास्त भरघोस वाटते.

पाऱ्याचं काय, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात असेलच. पारा विषारी आहे, त्याच्या वापरावर मर्यादा घालणारा मिनामाता करार २०१७ साली अमलात आला, आणि महाविद्यालयांतले गळते थेंब एकामागून एक बंद झाले, ते योग्यच झालं. पर्याय म्हणून चेक प्रयोगशाळांनीच चांदीच्या अमाल्गमचे (चांदी आणि पारा यांच्या मिश्रधातूचे) घट्ट इलेक्ट्रोड पुढे आणले. त्यांच्यावर सुटा आणि पिळातला डीएनए आजही वेगळा ओळखू येतो. पण घट्ट टोकावरून थेंब गळत नाही, म्हणून दर चार सेकंदांनी मिळणारा कोरा पृष्ठभाग तिथे नाही. तो कामाला लागण्याआधी, द्रावण ढवळत, उणे दोन व्होल्टच्या पलीकडचा विभव काही मिनिटं देऊन आणि मग धुऊन, हाताने तयार करावा लागतो.